स्वयंपाकघरातून गेलेली हद्द

दादांना आपल्या आणि धाकट्या भावाच्या अंगणात भिंत हवी होती. नळाच्या पाण्यावरून दोघांचं बोलणं बंद झालं होतं. आता धाकट्याचं तोंडही दिसू नये, एवढीच दादांची इच्छा होती. भिंतीआधी हद्द ठरायला हवी, म्हणून मोजणीदार यंत्र घेऊन आला. तिवईवर यंत्र उभं करून त्याने बटण दाबलं. यंत्र आपलं आपण मोजत होतं, म्हणून तो दादांबरोबर घरात चहाला बसला. इकडे दादांच्या बायकोला यंत्राची दया आली. तापलं तर बिघडेल, म्हणून तिने ते अलगद उचलून घराच्या सावलीत नेऊन ठेवलं.

यंत्राची शिट्टी ऐकून मोजणीदार बाहेर आला आणि यंत्र सावलीत बघून त्याने कपाळावर हात मारला.

"गेलं!"

"कुठं गेलं?" दादांनी विचारलं.

"राजधानीत. यंत्र मोजणी परस्पर पाठवतं. आता मंजुरी आणि नोंदणी सगळी तिकडेच."

"मग थांबवा की!"

"मंजूरसुद्धा झालं."

नव्या नकाशात हद्द दादांच्या स्वयंपाकघरातून आरपार गेली होती. शेगडी दादांची, मोरी धाकट्याची.

दादा तडक मोजणी कार्यालयात गेले. साहेब रिकाम्या टेबलामागे बसले होते. "पूर्वी मी बसल्या जागी दुरुस्ती केली असती," ते म्हणाले. "आता सगळे अधिकार वर गेले. माझ्याकडे हा पंखा उरलाय, आणि तोही चालत नाही."

"अहो, पण नकाशा चुकलाय!"

"वरच्यांच्या मते नकाशा चुकत नाही, जमीन चुकते. दोघा भावांनी मिळून अर्ज केला तरच बघतील."

दादांना ज्याचं तोंड बघायचं नव्हतं, त्याचंच दार वाजवायचं होतं. पण घर हातचं जायची वेळ आली होती. नाक मुठीत धरून ते गेले.

धाकट्याने दार उघडलं. "काय रे दादा, मोरी वापरायला आलास का?"

"सही कर. पाया पडतो तुझ्या."

"पाया नको पडूस. भिंतीचं खूळ डोक्यातून काढ."

दादांनी मान डोलावली. दोघांनी एकत्र अर्ज केला. राजधानीतून उत्तर झटपट आलं. मोजणीदाराने ते चाचरत वाचून दाखवलं, "दोन्ही मालकांनी एकत्र मागणी केल्यामुळे दोन्ही जागा एकत्र करण्यात आल्या आहेत. मंजूर."

धाकटा हसू दाबत म्हणाला, "चल, आता वाटणीचा अर्ज करू."

"करू. पण वेगवेगळा," दादा घाईने म्हणाले. "पुन्हा एकत्र केला, तर आपण दोघं मिळून एकच माणूस आहोत असं मंजूर करतील!"

धाकट्याला हसू आवरेना. दादा थोडा वेळ गाल फुगवून बसले, आणि मग तेही फिसकन हसले. अर्ज काही त्या दिवशी झाला नाही.