बिनतोंडाचा लॅपटॉप

मी माझ्या कोऱ्या लॅपटॉपच्या हवा जायच्या फटीत मेमरी कार्ड घातलं. घातलं म्हणजे, जात नव्हतं तरी अंगठ्यानं रेटून घातलं. ते आत गेलं, ‘खुळ्’ असा आवाज झाला, आणि वालूरच्या त्या लग्नघरात हळदीला जमलेल्या बाया माझ्याकडे कौतुकानं पाहू लागल्या. त्यांना वाटलं, आता पिक्चर सुरू होणार.

हे असं का झालं ते सांगायचं तर आधी आमचे नामदेवमामा सांगावे लागतील.

मामा परभणीत आमच्या शेजारी राहतात, एकटेच. ते माझे मामा नाहीत. गल्लीत कुणाचेच नाहीत, म्हणून सगळ्यांचे आहेत. लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करण्यात त्यांची उमर गेली. आता धंदा बंद. उरलाय एक जुना कॉम्प्युटर आणि सीडींनी भरलेलं लोखंडी कपाट. सीडी लावायची म्हणजे मामा आधी ती सदऱ्यावर, पोटापाशी, गोल गोल पुसतात. मग बटण दाबतात. ट्रे बाहेर आला की लेकराला भरवावं तसं म्हणतात, “घे बाबा, आ कर.” आणि ट्रे आत गेला की समाधानानं, “गिळलं!”

त्या कॉम्प्युटरला धाप लागायला लागली तेव्हा मी मामांना नवा घ्यायला बाजारात नेलं. मामांनी दुकानातला लॅपटॉप उचलला, बैलबाजारात दात बघावेत तसा चारी बाजूंनी न्याहाळला आणि विचारलं, “ह्याचं तोंड कुठंय?”

“काका, आता ड्राइव्ह येत नाही,” दुकानदार म्हणाला. “कार्ड रीडरपण नाही ह्यात. आता सगळं वर असतंय, क्लाउडवर.”

मामांनी छताकडं पाहिलं. “वर गेलेलं परत येतंय का, बाबा?”

दुसऱ्या दुकानात तेच. तिसऱ्या दुकानदारानं तर आम्हाला लांबून पाहूनच मान हलवली. शेवटी लॅपटॉप घेतला तो मी! मी विम्याचा एजंट. लोकांना पटवायची इतकी सवय, की समोरचा बधला नाही तर मी स्वतःलाच पटवून मोकळा होतो. नव्या जमान्यात ड्राइव्ह म्हणजे निव्वळ ओझं, असं एक भाषण मी येताना गाडीत ठोकलं. मामांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “बिनतोंडाचं जनावर घेतलंय तुमी. आता चारा कुठून घालायचा?”

मग आलं वैशालीचं लग्न. वैशाली ही मामांच्या जिवलग मित्राची, किसनची, पोरगी. ती अंगावर पीत होती तेव्हाच किसन गेला. घरात त्याचा हार घातलेला एक फोटो, बस्स. बापाला हलताना तिनं कधी पाहिलंच नव्हतं. मामांनी कपाट उपसून उपसून भलत्याच कुणाच्या तरी वरातीत नाचणारा किसन शोधून काढला होता. हळदीच्या दुपारी तो तिला दाखवायचा, एवढंच त्यांच्या डोक्यात.

“आपला कॉम्प्युटर घेऊन जाऊ,” मामा म्हणाले.

“तो खटारा? लोक हसतील, मामा. सीडीतलं सगळं एका कार्डात घ्या. माझा लॅपटॉप आहे ना!”

मामांनी मुकाट्यानं कार्ड भरून दिलं. निघताना मात्र माझ्या गाडीच्या डिकीत गोधडीत बांधलेलं एक गाठोडं ठेवलं. मला वाटलं, मुक्कामाचं अंथरूण असेल.

कार्ड रीडर नाही हे दुकानदाराचं बोलणं मी साफ विसरलो होतो, तर ते कार्ड असं गेलं. मी लॅपटॉप उलटा केला, झटकला, तिरका करून पुन्हा झटकला. आत नुसतं खुळखुळत होतं. किसनची बहीण, म्हणजे वैशालीची आत्या, कमरेवर हात ठेवून म्हणाली, “सूप हाय का ते, पाखडायला?”

वैशाली पाटावर बसली होती. हळदीचे हात अंगापासून लांब धरून ती पिक्चरसाठी मांडवात आणून ठेवलेल्या टीव्हीकडं बघत होती. टीव्ही काळाच.

मामा उठले. गाडीकडं गेले. गाठोडं घेऊन आले आणि गोधडी सोडली. आत त्यांच्या कॉम्प्युटरचं कॅबिनेट! माउस! वायरींचं हे एवढं भेंडोळं! भराभरा वायर टीव्हीला जोडली. सदऱ्याच्या आतून सीडी निघाली, पोटावर गोल गोल फिरली. मामांनी बटण दाबलं.

ट्रे येईना.

“आज नको रुसू, बाबा. आजच्या दिवस नको.” पुन्हा बटण. घुर्रर्र. काही नाही. “पिन द्या कुणीतरी!” मामा ओरडले. आत्यानं पदराची पिन उपसली आणि पदर दातांत धरला. मामांनी बटणाजवळच्या बारीक भोकात पिन खुपसली, आणि ट्रे बोटभर बाहेर आला. “आला! आला!” सगळा मांडव ओरडला. सगळ्यात मोठ्यानं मी, जसं काही मीच तो ओढून काढला होता.

“आ कर,” मामा म्हणाले. ट्रे आत गेला.

“गिळलं!” मांडवभर.

टीव्हीवर बँडबाजा, गर्दी, धूळ. आणि मधोमध दातांत रुमाल धरून नागासारखा डोलणारा एक तरणाबांड माणूस. कॅमेऱ्यामागून हाक आली, “किसन्या, हिकडं बघ की!” तो गर्रकन वळला, थेट आमच्याकडं बघून हसला. दातांतला रुमाल काढून ओरडला, “नाम्या, ठेव ते मशीन खाली! कवर तिथंच उभा ऱ्हातूस? ये नाचायला!”

मग नवरदेवाचा घोडा मध्ये आला आणि किसन दिसेनासा झाला.

वैशालीनं विचारलं, “मग गेलाव का तुमी, मामा?”

“न्हाई, बाई. शूटिंग कुणी धरलं असतं?”

वैशाली पाटावरून उठली. आपल्या हातांची हळद तिनं मामांच्या दोन्ही गालांना लावली, सावकाश, हनुवटीपर्यंत. मामा हलले नाहीत. टीव्हीकडं बघत एवढंच म्हणाले, “आलो रे.”

एवढ्या लग्नांच्या सीड्या, पण मामा कशातच नाहीत. हे तरी शूट झालंच पाहिजे म्हणून मी चटकन मोबाइल काढला होता. आता मोठ्या उत्साहानं मी तो सगळ्यांपुढं धरला. कॅमेरा उलटा राहिला होता. पहिल्यापासून शेवटपर्यंत माझाच चेहरा, घामेजलेला, तोंड उघडं, आणि मागून कुठून तरी मामांचा आवाज, “आलो रे.”

आत्यानं तो व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला. डोळे पुसले, पदराला पिन लावली आणि म्हणाली, “नामदेवदादा, तुमी कॉम्प्युटर आणला ते लय चांगलं केलं. पण ह्यांना कशाला आणलं?”