गांगुर्डे काकांचं मऊ पेडल

गांगुर्डे काकांनी आमच्या सोसायटीची लिफ्ट आजवर तीनदा रिजेक्ट केली आहे. लिफ्ट व्यवस्थित चालते. आम्ही सगळे तिच्यातूनच वर-खाली करतो. पण आत आरशाशेजारी काकांचा लाल स्टिकर असतो, त्यावर तारीख, सही आणि कारण: ‘तिसऱ्या मजल्यावर अर्धा इंच खाली थांबते.’ चेअरमन तो खरवडून काढतात. काका नवा लावतात. त्यांच्याकडे भरपूर आहेत.

अंबरनाथच्या आनंदनगरमध्ये एका कारखान्यात काका तेहतीस वर्षं क्वालिटीला होते. तयार माल समोरच्या टेबलावर यायचा, काका तो फिरवून-फिरवून बघायचे आणि हिरवा नाहीतर लाल स्टिकर लावायचे. रिटायर होताना उरलेले स्टिकर घरी घेऊन आले. लाल आता संपत आलेत. हिरव्यांचा गठ्ठा अजून फोडलेला नाही.

‘ओके कोणी केलं?’ हा त्यांचा लाडका प्रश्न. शिवमंदिराजवळच्या टपरीवरच्या वड्यापासून पालिकेच्या गटाराच्या झाकणापर्यंत सगळ्यांना तो एकच. आम्ही नवा सोफा घेतला तेव्हा काका आले, बसले, उठले, परत बसले.

“महेश, हा ओके कोणी केला?”

“हिने.”

बायकोने त्यांना बिनसाखरेचा चहा दिला. काकांनी तोही रिजेक्ट केला.

काकू गेल्या, तेव्हापासून काका एकटेच असतात. मुलगी वैशाली बदलापूरला, सोनिवलीच्या नव्या वस्तीत राहते. ती पोरीला स्कूटरवरून शाळेत सोडते आणि तशीच नोकरीला जाते. मागच्या महिन्यात स्कूटर खडीवर घसरली आणि नातीच्या हनुवटीला तीन टाके पडले. काका बघून आले. कोणाचं काय चुकलं वगैरे काही विचारलं नाही त्यांनी. घरी आले आणि मला म्हणाले, “माझी गाडी वैशूला देतो. रविवारी येईल न्यायला. त्याआधी ब्रेक नवे टाकतो.”

“गॅरेजला देऊ या का?” मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी नातीलाच गॅरेजला द्यायला निघालोय. गेल्या अठरा वर्षांत त्यांच्या जुन्या पांढऱ्या गाडीला दुसऱ्या कोणाचा हात लागलेला नव्हता.

सामान उल्हासनगरहून आलं. मंगळवारी काकांनी पुढच्या दोन्ही चाकांना नवे पॅड आणि नवे कॅलिपर बसवले. ब्रेक मारला की चाकाची तबकडी जो चिमटा धरतो, तो कॅलिपर. डाव्याला ‘डा’, उजव्याला ‘उ’ अशी चिठ्ठी लावून, स्वच्छ पुसून, शिस्तीत. सगळं झालं आणि पेडल दाबलं तर ते कणकेच्या गोळ्यासारखं खाली गेलं. पार तळाला.

“हवा आहे,” काका म्हणाले.

ब्रेकच्या तेलात हवा शिरली की पेडल मऊ लागतं. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने आत बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाशी बसून कॅलिपरचं निपल, म्हणजे तेल सोडायची छोटी तोटी, सैल करायची, म्हणजे तेलाबरोबर हवा बाहेर येते. काका चाकाशी बसले. आत बसायला इमारतीत एकशेवीस माणसं होती, त्यांना मीच सापडलो.

“दाब. दाब. दाब. धर.”

“धरलं.”

“सोडू नको हां.”

“नाही सोडत.”

“मी सांगितल्याशिवाय सोडायचं नाही.”

“अहो काका, नाही सोडत!”

“सोड.”

बुधवार, गुरुवार. ऑफिसातून आलो की बॅग वर, मी खाली. तेल स्वच्छ यायचं, बुडबुडा एक नाही. आणि पेडल मऊच. काकांनी ब्रेक ऑइल रिजेक्ट केलं, दुसरं आणलं. नळी रिजेक्ट केली. स्पॅनर रिजेक्ट केला. शेवटी उठून खिडकीपाशी आले आणि माझ्या पायाकडे बघत राहिले.

“बूट काढ.”

काढले.

“तुझ्या पायाचा दाब सारखा नाही. डावीकडे कलतो.”

आता मात्र माझं डोकं फिरलं. “काका, याच पायाने मी बारा वर्षं गाडी चालवतोय!”

“ओके कोणी केलं?” काका म्हणाले.

शुक्रवारी माझ्याऐवजी चेअरमन बसले. पेडल मऊ. मग वॉचमन. मऊ. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

शनिवार उजाडला. उद्या वैशाली येणार. काकांनी निदान पक्कं केलं: कॅलिपरच खराब आहेत. आम्ही दोघं रिक्षाने उल्हासनगरला गेलो. स्पेअर पार्टचं दुकान एका म्हाताऱ्या सिंधी गृहस्थांचं. काकांनी फोनवरचे फोटो त्यांच्यापुढे धरले. “साईं, आपका माल रिजेक्ट है.”

साईंनी चष्मा वर केला. फोटो मोठा केला. मग शांतपणे विचारलं, “काका, निपल नीचे क्यूं है?”

“जिथे आहे तिथे आहे,” काका म्हणाले.

“अरे काका, हवा तो ऊपर जाती है ना. निपल ऊपर चाहिए. आपने लेफ्ट का राइट में डाला है, राइट का लेफ्ट में. चार दिन निकालो, चार साल निकालो, हवा ऊपर बैठी रहेगी.”

साईंनी फोटोतल्या ‘डा’च्या चिठ्ठीवर बोट ठेवलं, “चिठ्ठी किधर खड़े होके लगाई?”

“गाडीसमोर,” काका म्हणाले आणि थांबले.

गाडीचं डावं-उजवं आत बसणाऱ्याचं धरतात. काकांनी तेहतीस वर्षं माल समोर ठेवून तपासला होता. गाडीही त्यांनी तशीच समोर ठेवली आणि स्वतःच्या डाव्या हाताला ‘डा’ लावला.

मला हसू आवरत नव्हतं. चार दिवसांचा सूड होता तो. पण रिक्षात काकांकडे बघितलं आणि हसायचं राहूनच गेलं. ते दोन्ही तळहात उलटे-सुलटे करून बघत होते.

घरी येऊन त्यांनी दोन तासांत अदलाबदल केली. मी आत बसलो. दाब, धर, सोड. बुडबुडेच बुडबुडे आले. आणि मग पेडल पायाखाली असं घट्ट थांबलं की मी आतूनच ओरडलो, “काका, झालं! एकदम कडक!”

काका आत बसले, पेडल दाबलं, तीनदा. उतरले. मला वाटलं आता हिरव्यांचा गठ्ठा फुटतोय.

“चल,” ते म्हणाले, “सलीमभाईंकडे जाऊ.”

सलीमभाईंचं गॅरेज आमच्या नाक्यावरच आहे. काकांनी त्याच्या दारात कधी पाय ठेवला नव्हता.

“कशाला? कडक झालंय की!”

“महेश, ज्याने काम केलं त्यानेच पास करायचं नाही, असा कंपनीत नियम होता. मी चार दिवस दोन्ही करत बसलो.”

सलीमभाईंनी पेडल दाबलं आणि म्हणाले, “काका, एक नंबर आहे.” काका म्हणाले, चारही चाकं काढा. त्यांनी काढली, बघितली, लावली. काका म्हणाले, आता चालवून दाखवा, आणि मागचं दार उघडून आत बसले.

“पुढे बसा ना काका,” सलीमभाई म्हणाले.

“नात मागे बसते.”

रिकाम्या रस्त्यावर सलीमभाईंनी वेग घेतला आणि करकचून ब्रेक मारला. गाडी जागच्या जागी थांबली. “अजून एकदा,” काका म्हणाले. असं पाच वेळा. पाचव्यांदा त्यांनी पुढच्या सीटवर कपाळ टेकवलं ते वर उचललंच नाही.

“काय झालं काका? लागलं का?”

“तुझा पाय रिजेक्ट केला, साईंचा माल रिजेक्ट केला,” काका खालच्या आवाजात म्हणाले. “पोरीला उद्या गाडी द्यायची आणि मी माझंच नाक वर करून बसलो. फार भीती वाटली रे मला आज.”

सलीमभाईंनी पाण्याची बाटली मागे दिली.

रविवारी वैशाली आली. पोरगी उडी मारून मागच्या सीटवर बसली, हनुवटीचा व्रण आजोबांना दाखवत. काकांनी किल्ली दिली आणि म्हणाले, “आधी ब्रेक बघ.”

“तुम्ही केलेत ना बाबा? मग बघायचं काय त्यात!”

हे वाक्य ऐकायला काकांनी एरवी काय दिलं नसतं! पण ते म्हणाले, “नाही गं. मी चुकीचे बसवले होते. उलटे. मग काढून परत केले आणि सलीमभाईंनी तपासले. तू रोज निघताना दाबून बघायचं. बाबांनी केलंय म्हणून सोडून द्यायचं नाही.”

वैशाली त्यांच्याकडे बघतच राहिली. ‘मी चुकलो’ हे तिने घरात कधी ऐकलं नसावं. मग तिने चप्पल काढली, अनवाणी पायाने पेडल दाबलं, दाबून धरलं, आणि खिडकीतून हात बाहेर काढून बाबांचा हातही तसाच धरला.

“सोड आता,” काका म्हणाले, “उशीर होईल तुला.”

तिने पेडल सोडलं. हात थोडा वेळ तसाच होता.