सोपानतात्या आणि समोरचा फ्लॅट

आमच्या कॉलनीत घर बघायला कुणी आलं, की सोपानतात्या त्यांना एकच प्रश्न विचारतात. "का येताय त्ये नका सांगू, पावणं. जानार कधी, त्ये सांगा."

पाहुणे गोंधळतात. घर घ्यायला आलेल्या माणसाने घर सोडायचा मुहूर्त सांगायचा, ही रीत कुठे नसावी. एजंट घाईघाईने म्हणतो, "तात्या चेष्टा करत्यात हो." तात्या चेष्टा करत नाहीत. मी त्यांना आठ वर्षं ओळखतो. एकदाही केलेली नाही.

कॉलनी मंचरच्या बाहेरच्या अंगाला आहे. नाव 'निसर्गछाया'. गेटजवळ लावलेली गुलमोहराची तीन रोपं शेळ्यांनी खाल्ली, तेव्हापासून छाया फक्त पाण्याच्या टाकीची पडते. पहिल्या मजल्यावर तीन दारं. एक आमचं, एक तात्यांचं, आणि तात्यांच्या बरोबर समोरचं भाड्याने द्यायचं. मालक पुण्यात असतो, त्यामुळे त्या तिसऱ्या दाराचं भवितव्य तात्यांच्या हाती.

मी मूळचा बोरी बुद्रुकचा. इथे का आलात, असं कुणी विचारलं तर मी 'मुलीचं शिक्षण' असं सांगतो. सगळेच तसं सांगतात. खरं म्हणजे आमच्या मळ्यातल्या घराच्या ओट्यावर एका संध्याकाळी बिबट्या येऊन बसला होता, आणि बायको म्हणाली, "एक तर तो राहील, नाहीतर मी."

घर बघायला आलो तेव्हा हे मी तात्यांना मोठ्या विश्वासाने सांगितलं. ते म्हणाले, "बिबट्या इथंबी येतो. मागल्या म्हैन्यात कार्यालयाच्या भिताडावर बसून लगीन बघत व्हता. जेवल्याबिगर गेला बिचारा."

मग त्यांनी आम्हाला कॉलनी दाखवली. म्हणजे कॉलनीची दुखणी दाखवली. पाणी दिवसाआड, आणि ज्या दिवशी पाणी त्या दिवशी नेमकी लाइट नाही. मागच्या बाजूला मंगल कार्यालय. "वैशाखात झोपायचं न्हाई. निस्तं पडून नाचायचं." जिन्यातल्या भिंतीला त्यांनी अंगठा घासला आणि माझ्या बायकोसमोर धरला. "ह्ये पिलास्टर न्हाई, ताई. पीठ हाये."

बायको खाली उतरल्यावर म्हणाली, "हेच घर घेऊ. शेजारी खोटं बोलणार नाही."

एजंटला हे गणित कधीच कळलं नाही. तात्यांची अवसरी बुद्रुकला दोन एकर बागायत आहे. सकाळी ते मोपेडवरून तिकडे जातात, म्हणून एजंट गिऱ्हाइकं सकाळी आणू लागला. तात्यांना सुगावा लागला. ते दुपारी शेतावर जाऊ लागले. मग एजंट दुपारी यायला लागला, तसं तात्यांनी शेतावर जाणंच सोडलं. कांद्याला पाणी धाकटा भाऊ देऊ लागला. शेवटी एजंट हात जोडून म्हणाला, "तात्या, तुमची काय अडचण हाय?"

"अडचण माझी न्हाई. जानाऱ्यांची हाये," तात्या म्हणाले.

तात्या स्वतः इथे आले ते मुलासाठी. मुलगा चाकणला कंपनीत. कंपनीची बस मंचरपर्यंत यायची, अवसरीला नाही. म्हणून गावातलं घर भावाच्या हवाली करून सगळे इथे आले. वर्षभरात मुलगा रोजच्या ट्रॅफिकला कंटाळला आणि मोशीला राहायला गेला. मग त्याला मूल झालं. तात्यांची बायको, हौसाकाकू, 'महिनाभर' म्हणून नातवाकडे गेल्या. त्याला चार वर्षं झाली. तात्यांनी दोनदा मोशीला राहून पाहिलं. परत आल्यावर म्हणाले, "लिफ्टनं खाली येतोय, लिफ्टनं वर जातोय. दिवसभर निस्ता पोहरा झालाय माझा."

त्याच सुमारास समोरच्या फ्लॅटमध्ये एक कुटुंब आलं. नवरा औषध कंपनीत, बायको घरी, आणि ओवी नावाची चार वर्षांची मुलगी. ती तात्यांना 'समोरचे आबा' म्हणायची. तिचं सकाळचं दूध तात्यांच्या घरी, शाळेच्या रिक्षापर्यंत तात्यांचं बोट, आणि रुसली की मुक्कामही तात्यांच्याच कॉटखाली. दोन वर्षांनी नवऱ्याची बदली झाली. टेंपो भरत होता तेव्हा तात्या शेतावर निघून गेले. ओवीने पहिल्या महिन्यात त्यांना तीनदा व्हिडिओ कॉल केला, दुसऱ्या महिन्यात एकदा. पुढे शाळा, क्लास आलं असणार. लहान मुलांचं असंच असतं. त्यानंतर तात्या 'जानार कधी' हा प्रश्न विचारू लागले. आम्हाला तेव्हा ती निव्वळ विक्षिप्तपणाची वाढ वाटली. त्यांच्या मेहरबानीने समोरचं दार अकरा महिने बंद राहिलं.

गेल्या थंडीत सुनंदाताई नावाच्या नर्सबाई घर बघायला आल्या. नोकरी मंचरलाच, चालत जाण्याच्या अंतरावर. सोबत त्यांची आई, ठकूबाई. तालुक्याच्या पश्चिमेकडच्या डोंगरातली, सत्तरीची, कपाळावर गोंदण, अंगाने काटकुळी. जिना चढून आल्या आणि सरळ तात्यांच्या उंबऱ्यावर बसल्या.

तात्यांनी सुरुवात केली. "पानी दिसाआड येतं."

"दिसाआड?" ठकूबाई लेकीकडे वळल्या. "नळाला? आमी उन्हाळ्यात आर्धा डोंगर उतरून आनायचो. लई झालं की."

"बिबट्या येतो."

"त्यो आमच्या वळखीचा हाये."

"मागं कार्यालय हाये. रातध्याड बँड वाजतो."

"मला ऐकाया कमी येतं," ठकूबाई म्हणाल्या. "वाजू द्या."

तात्यांनी अंगठा भिंतीकडे नेला, आणि काय वाटलं कोण जाणे, परत घेतला.  एजंट देवाचं नाव घेत होता. अखेर तात्यांनी ठेवणीतला प्रश्न काढला. आवाज मात्र नेहमीचा नव्हता.

"आन् जानार कधी?"

ठकूबाईंना ऐकू गेलं नाही. सुनंदाताईंनी त्यांच्या कानाशी मोठ्याने सांगितलं. म्हाताऱ्या बाईंनी तात्यांकडे नीट पाहिलं.

"आमचं गाव धरनात गेलं, भाऊ. मंग वर डोंगरावर बसलो. तिथनं लेकीच्या बदलीमागं पाच गावं फिरले. आता मला उचलून न्यावं लागंल."

 तात्या आत गेले. बराच वेळ भांड्यांचा आवाज आला, आणि मग ते स्वतः केलेला चहा घेऊन बाहेर आले. एजंटलाही दिला.

पुढच्या रविवारी सामान आलं. तात्या शेतावर गेले नाहीत. टेंपोवाल्याला दटावत, "हळू, हळू, म्हातारीचं जातं हाये त्ये," म्हणत पुढे पुढे करत होते. कपाट त्यांनी खांद्यावर घ्यायला बघितलं, आम्ही घेऊ दिलं नाही.

दोन दिवसांनी दुपारी मी घरी जेवायला आलो. सुनंदाताई ड्युटीवर होत्या. दोन दारांच्या मधल्या जागेत ठकूबाई वाटाण्याच्या शेंगा पसरून बसल्या होत्या. तात्या मोपेडची किल्ली हातात घेऊन दारात उभे. निघावं की थांबावं, हे ठरत नव्हतं.

"उभं ऱ्हाऊन काय व्हनार?" ठकूबाई म्हणाल्या. "ह्या घ्या, सोला."

अर्धा ढीग त्यांनी तात्यांकडे सरकवला. तात्यांनी किल्ली खिशात टाकली, चप्पल काढली आणि भिंतीला टेकून बसले.

"नातू केवढा हाये?" ठकूबाईंनी विचारलं.

तात्या सांगू लागले. एक एक वाक्य दोनदा, मोठ्याने, त्यामुळे सगळी कॉलनी ऐकत होती. नातवाला भाकरी आवडत नाही. तो आजीला 'हौसा' म्हणून हाक मारतो. फोनवर आधी 'आबा, तुमी कधी येनार' असं विचारतो.

मी जेवून, वर्तमानपत्र वाचून परत निघालो तेव्हा दोघं तिथेच होते. ठकूबाईंचा ढीग केव्हाच संपला होता. तात्यांच्या पुढ्यात अजून निम्म्या शेंगा होत्या, आणि एक शेंग ते दोन्ही हातांनी, अगदी सावकाश उघडत होते. मी शेतकऱ्याचाच मुलगा आहे. वाटाण्याच्या शेंगा सोलायला इतका वेळ लागत नाही.