डेटा सेंटर कुठं टाकलंय?

अवघड गोष्ट सोपी करून सांगण्यात माझा हात कोणी धरू शकत नाही, असा माझा समज होता. त्यामुळे बढतीची बातमी मी आईला फोनवर दोन वाक्यांत सांगितली. आमची कंपनी इतकी वर्षं मोबाईलच्या चिप बनवायची, आता एआयच्या डेटा सेंटरसाठीही बनवणार. त्या नव्या टीममध्ये मला घेतलंय.

"म्हणजे मोबाईलचं सोडलंस?"

"सोडलं. आता डेटा सेंटर."

माझी आई म्हणजे गयाबाई. संध्याकाळपर्यंत अंबरनाथ पूर्वेतल्या आमच्या अख्ख्या बिल्डिंगला खबर झाली. शनिवारी मी बेंगळुरूहून आलो, तर जिन्यातच शेजारच्या सगुणाबाईंनी मोबाईल पुढं केला.

"राजरत्न, डेटा संपला रे. अठ्ठावीस दिवसांचा टाक."

आठ वर्षं चिप डिझाइन करणाऱ्या माणसाला या बाईंनी उभ्या उभ्या रिचार्जवाला करून टाकलं. माझं डोकं सटकलं. पण खरा अपमान रविवारी व्हायचा होता.

बदलापूरच्या शिरगावहून प्रीती, म्हणजे मला सांगून आलेलं स्थळ, आणि तिच्या घरची मंडळी मला बघायला आली. सोबत तिचे धर्मराजमामा. त्यांचा उल्हासनगरला जीन्स शिवायचा कारखाना. जय भीम झाला, पोहे आले.

"नोकरी सोडलीत म्हणे," मामा म्हणाले. "बरं केलंत. आपला धंदा तो आपला. डेटा सेंटर कुठं टाकलंय?"

"मी नाही टाकलं मामा. मोठ्या कंपन्या टाकतात. आम्ही त्यांना चिप पुरवणार."

"अच्छा, सिमकार्डाची एजन्सी."

माझे कान तापले. तरी मी समजावलं. मोठमोठे हॉल असतात, त्यात हजारो कॉम्प्युटर रात्रंदिवस चालतात. एवढे तापतात, की थंड ठेवायला वेगळी यंत्रणा लागते.

मामा आईकडे वळले. "सायबर कॅफे आहे. पण एसीवाला."

"मामा, तिथं माणसं येऊन बसत नाहीत!"

"मग टाकलाच कशाला?"

आईनं मला डोळ्यांनी दटावलं. तेवढ्यात प्रीती बोलली. ती ठाण्याला एका बँकेच्या कॉम्प्युटर विभागात आहे.

"मामा, थांब जरा. राजरत्न, या बाजारात मोठे लोक आधीच बसलेत ना? मग तुमची चिप घेणार कोण?"

चला, एक तरी माणूस समजणारं निघालं! मी खुशीत तोंड उघडलं आणि खरं उत्तर आठवलं.

"दोन-तीन ठिकाणी बोलणं चाललंय," मी शेवटी म्हणालो. "ऑर्डर अजून एकही नाही."

मामांनी बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवर हात ठेवला.

"नवीन दुकानाचं असंच असतं. गिऱ्हाईक लागायला वेळ लागतो."

मला पुन्हा चीड आली. मी त्यांच्या वाक्यातली चूक शोधू लागलो. सापडेना. आमचे साहेब दर सोमवारी तासभर पडद्यावर आलेख दाखवून हेच सांगतात.

चार दिवसांनी होकार आला. मामांनी आईला कळवलं, "पोरगा खरं बोलतो, धंद्यात टिकेल."

मी नोकरी करतो, हे त्यांना लग्नानंतर प्रीतीनंच सांगायचं, असं आमचं ठरलंय.