वाघमारे काकांची मधली माणसं

संभाजीनगरच्या उस्मानपुऱ्यात आम्ही राहायला आलो त्या दिवशी शेजारच्या वाघमारे काकांनी माझं नाव विचारलं नाही. दारात उभं राहून ते म्हणाले, "आपल्या मधात कोण हाय?"

मी म्हणालो, भिंत.

त्यांना हवा होता दोघांच्या ओळखीचा तिसरा माणूस. माझा मेहुणा आणि त्यांच्या कारखान्यातला एक फिटर एकाच आयटीआयमधले निघाले, तेव्हा कुठं त्यांनी मला आत बोलावून चहा दिला.

काका वाळूजला स्टोअरकीपर होते. निवृत्त झाल्यावर कुणीतरी त्यांना मोबाईलवर ती नोकरी-धंद्यातल्या ओळखींची साइट उघडून दिली. तिथं परक्या माणसाच्या नावाखालीही, तुमच्या दोघांच्या ओळखीचं कोण आहे ते दिसतं. काकांना जन्मभर जे तोंडानं विचारावं लागलं, ते आता आपोआप लिहून येत होतं. मग त्यांनी कुणालाच सोडलं नाही. बंगळुरूच्या एका बड्या साहेबाला त्यांनी बढतीबद्दल मराठीतून शुभेच्छा दिल्या. साहेबानं इंग्रजीत विचारलं, आपण कोण? काकांनी मधल्या माणसाचं नाव, गाव आणि त्याच्या आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकिकत कळवली. त्या दिवाळीला साहेबाच्या शुभेच्छा आधी आल्या.

गेल्या वर्षी आमच्या कंपनीनं एक लाइन बंद केली आणि माझी क्वालिटीतली नोकरी गेली. मी त्याच साइटवर अर्जामागून अर्ज टाकत होतो. उत्तर यायचं नाही. काकांना कळलं तेव्हा ते नाराज झाले. नोकरी गेल्याचं त्यांना काही वाटलं नाही, अर्जांचं वाटलं.

"नोकरी मागू नको," ते म्हणाले. "मधल्या माणसाला नुसतं विचार, तिथं काम कसं हाय. माणसाला सल्ला द्यायला लई आवडतं."

कंपनीही त्यांनीच निवडली. प्लांट इथंच शहराबाहेर शेंद्र्याला, मुख्य कचेरी पुण्याला. तिथल्या मॅनेजरच्या आणि आमच्या मधे कदम म्हणून एक गृहस्थ होते, पूर्वी काकांच्या हाताखाली काम केलेले. काकांनी शेजारी बसून माझ्याकडून त्यांना फोन करवला. मी काम कसं आहे, एवढंच विचारलं. कदमांनी भरपूर सल्ला दिला आणि शेवटी आपणहून म्हणाले, माहिती पाठवा, साहेबांच्या कानावर घालतो. मुलाखती झाल्या, नोकरी लागली. पेढे घेऊन गेलो तर काकांनी विचारलं, "ट्रेनिंगला पुण्याला पाठवतेत ना?"

पाठवलं. तिथं कॅन्टीनमध्ये एकजण ताट घेऊन समोर येऊन बसला. माझ्या ओळखपत्रावरचं शेंद्रा वाचून त्यानं विचारलं, संभाजीनगरात कुठं राहता? उस्मानपुरा म्हटल्यावर त्याचा हात ताटातच थांबला. तो काकांचा मुलगा होता, नीलेश. त्यानं आपल्या मनानं लग्न केलं, काका लग्नाला गेले नाहीत, तेव्हापासून बोलणं बंद, एवढं आमच्या गल्लीला माहीत होतं. तो कुठल्या कंपनीत आहे, हे एकट्या काकांना माहीत असणार.

नीलेशनं बाबांच्या बीपीची चौकशी केली. मुलगी बालवाडीत जायला लागली, म्हणाला. मोबाईलमधला तिचा फोटो दाखवला.

परत आल्या आल्या मी काकांकडे गेलो. त्यांनी टीव्ही बंद केला. ऐकताना मधे फक्त तो जाड झालाय का, ते विचारलं. थोडा, मी म्हणालो. नातीबद्दल त्यांना विचारवेना. मीच सांगितलं, नाक तुमच्यावर गेलंय.

काका खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "परत सांग. तो ताट घेऊन आला, तिथून."