पेनड्राइव्हची परवानगी घेणारे शांतारामभाऊ

आमच्या शाळेच्या कॉम्प्युटर खोलीत पेनड्राइव्ह उपटून काढणं हा गुन्हा होता. शिक्षा एकच, शांतारामभाऊंचं भाषण. "सर, पावणा असा दंडाला धरून उठवत्यात का? आधी इचारायचं, निघायचं का? त्यो हो म्हणला, की मंग हात लावायचा." स्क्रीनवर 'आता काढायला हरकत नाही' अशी पाटी येईपर्यंत ते हात मागे बांधून उभे राहायचे.

शांतारामभाऊ आमचे लॅब असिस्टंट. डिंगोऱ्याहून रोज मोटारसायकलवर जुन्नरला यायचे. खिशाला पेन नाही, रंगीत दोरे बांधलेले तीन पेनड्राइव्ह. मी गणिताचा शिक्षक, त्यामुळे कॉम्प्युटरचं मला सगळं कळतं अशी माझी समजूत होती.

ती समजूत स्नेहसंमेलनाच्या दिवशी खोटी ठरली. एक माजी विद्यार्थिनी शाळेवर फिल्म करून पुण्याहून आली होती. फिल्म तिच्या मॅक लॅपटॉपवर, आणि पडद्याला जोडलेला शाळेचा कॉम्प्युटर लिनक्सचा. मी ऐटीत माझा पेनड्राइव्ह दिला. मॅकवर तो उघडला, आतल्या फायली दिसल्या, पण फिल्म काही आत जाईना. बाहेर पाहुणे खुर्च्यांवर बसलेले. मी भाऊंना हाक मारली.

"कशावर फॉरमॅट केलाय?" भाऊंनी विचारलं.

"घरच्या विंडोजवर."

"मंग आतली मांडणी एनटीएफएसची असंल. मॅक त्ये वाचतंय, लिहीत न्हाई. जावयावानी हाय त्ये. घरात बसंल, चुलीला हात लावायचं न्हाई."

"मग फॅट थर्टीटू करा," मी उरलंसुरलं ज्ञान पाजळलं.

"फिल्म पाच जीबीची हाय, राव! त्या दारातनं चार जीबीच्या वरचं पोतं जात न्हाई. एक्सफॅट करू. मॅक, विंडोज, आपलं लिनक्स, तिघंबी एका पंगतीला बसत्यात. पण आत काय हाय? फॉरमॅट म्हंजी समदं सारवून काढणं. मागं खडा ऱ्हात न्हाई."

आत माझ्या सहामाहीच्या प्रश्नपत्रिका होत्या. भाऊंनी त्या आधी दुसऱ्या कॉम्प्युटरवर काढल्या, मग फॉरमॅट केलं. फिल्म वेळेवर लागली, टाळ्या पडल्या. भाऊ मात्र पडद्याकडे पाठ करून पेनड्राइव्हच्या लुकलुकत्या दिव्याकडे बघत होते.

आवराआवर करताना मी त्यांच्या लाल दोऱ्याच्या पेनड्राइव्हला हात लावला. ते पटकन म्हणाले, "त्यो नगं. फॅट थर्टीटू हाय. आक्काचा गाण्याचा बॉक्स जुना हाय, त्याला दुसरं कायबी चालत न्हाई." मग तो उचलून खिशाला लावत, "रविवारी घरी या की."

रविवारी गेलो. पडवीत त्यांची थोरली बहीण, आक्का, बसली होती. दोन वर्षांपूर्वी तिची दृष्टी गेलेली. समोर गाणी वाजवायचा छोटा बॉक्स. भाऊंनी पेनड्राइव्ह लावला, तिच्या पायांना हात लावला आणि पायरीवर येऊन बसले. बॉक्समधून त्यांचाच आवाज सुरू झाला. पेपरातल्या बातम्या, बेल्ह्याच्या बाजारात कुणी बैल घेतला, कुणाच्या सुनेला मुलगी झाली, खालच्या आळीत कोण कुणाशी भांडलं. आठवडाभर पुरेल एवढं.

मी हळूच विचारलं, "हे समोर बसून का सांगत नाही?"

"समोर बसलो की तिचं डोळं बघून आवाज फुटत न्हाई, सर."

आक्का बॉक्सशी बोलत होती. "आसं व्हय? मंग पुढं?" एकदा मान कलती करून तिनं त्यालाच विचारलं, "जेवलास का रं, शांताराम?"

बॉक्स कांद्याचं काहीतरी सांगतच राहिला.

पायरीवरून भाऊ हळू आवाजात म्हणाले, "जेवलो, आक्का."