न अडकलेला कागद

कार्यालयातलं छायाप्रत यंत्र बुधवारी सकाळी साडेदहा वाजता बंद पडलं आणि ही घटना त्याच दिवशी नोंदवहीत रीतसर नोंदवली गेली. यंत्र जुनंच होतं. दुसऱ्या एका कार्यालयाने ते मोडीत काढलं आणि ‘नव्यासारखे’ असा शेरा मारून या कार्यालयाने ते घेतलं. प्रती ते बऱ्या काढायचं. दुखणं होतं ते त्याच्या कडेला जोडलेल्या डबड्याचं. त्याला सगळे फिनिशर म्हणत. निघालेली पानं ओळीने लावायची, कोपरे जुळवायचे आणि खट्कन पिन मारायची, एवढंच त्याचं काम. बुधवारी त्याने तेही सोडलं, लाल दिवा लावला आणि पडद्यावर लिहिलं : ‘कागद अडकला आहे. कागद काढा.’

आवक-जावक बाईंनी दार उघडून आत टॉर्च मारली. कागद नव्हता. त्यांनी दार लावलं. ‘कागद अडकला आहे. कागद काढा.’

बाई या यंत्राच्या प्रभारी होत्या. त्यांना त्यातलं काही कळत होतं म्हणून नव्हे, तर ते त्यांच्या टेबलाशेजारी ठेवलं होतं म्हणून. त्यांचा जीव आत्ता खालीवर होण्याचं कारण मात्र वेगळं होतं. मुलीचं पहिलं बाळंतपण. डॉक्टरांनी सोमवारची तारीख दिली होती आणि मुलीचं गाव सहा तासांवर. रजा तोंडी मंजूर होती. फक्त रजेचा आदेश तीन प्रतींत, पिन मारून, साहेबांच्या सहीला जायचा होता. पूर्वी हे काम हातातल्या स्टेपलरने अर्ध्या मिनिटात झालं असतं. पण यंत्र आलं तेव्हा परिपत्रक निघालं होतं की, यापुढे हाताने टाचलेले कागद ग्राह्य धरू नयेत. भांडारपालाने सगळे स्टेपलर गोळा करून कपाटात घातले आणि किल्ली खिशात टाकली.

गुरुवारी मेकॅनिक आला. त्याने आत डोकं घातलं आणि तो हसायला लागला.

“बाई, कागद नाहीच इथे. कागद आला-गेला बघायला याला एक डोळा असतो. त्या डोळ्यावर कोणीतरी पट्टी चिकटवलीय. याला वाटतंय, समोर कागदच आहे.”

पट्टी भांडारपालाची होती. नियमाप्रमाणे यंत्राच्या उघडणाऱ्या प्रत्येक भागावर नोंदणी क्रमांक हवा. यंत्राचे असे नऊ भाग, म्हणून त्याने मंगळवारी संध्याकाळी पट्ट्या नऊ चिकटवल्या. माणूस कामाला चोख. बाहेर जागा कमी पडली तर आत जाईल, पण आकडा चुकू देणार नाही.

“मग काढ की रे ती पट्टी!” बाई म्हणाल्या.

“माझं कंत्राट यंत्राचं आहे, बाई. फिनिशरचं नाही. उद्या काही बिघडलं तर माझ्या गळ्यात.” आणि तो पाणी पिऊन निघून गेला.

बाई साहेबांकडे गेल्या. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. साहेब शांत झाले की कार्यालयात लोकांना घाम फुटायचा.

“बाई, यंत्र खोटं बोलत नाही. माणूस बोलतो. यंत्र म्हणतंय कागद आहे. तुम्ही म्हणता कागद नाही. याचा अर्थ काय?”

“साहेब, पट्टी...”

“याचा अर्थ कागद होता आणि तो गहाळ झालाय. कशाची प्रत होती ती? कोणाची? गोपनीय असेल तर? कागद सापडेपर्यंत यंत्राला कोणी हात लावायचा नाही. आणि प्रभारींनी गाव सोडायचं नाही.”

अशा रीतीने नसलेल्या कागदाचा शोध सुरू झाला. कपाटं सरकवली गेली, केराच्या टोपल्या उपड्या झाल्या. पिन मारलेल्या प्रतींसाठी आलेल्या लोकांची बाकांवर रांग लागली.

शुक्रवारी बाईंनी शहाणपण केलं. कोरा कागद घेतला, चुरगळला, जरा काळं लावलं आणि साहेबांपुढे ठेवला. “सापडला, साहेब.”

साहेबांचा चेहरा उजळला. पंचनामा झाला, कागद पाकिटात बंद झाला, मोहोर उमटली. मग सगळे यंत्राकडे गेले. लाल दिवा तसाच. ‘कागद अडकला आहे. कागद काढा.’

साहेब पुन्हा शांत झाले. “म्हणजे दोन होते,” ते म्हणाले.

सोमवारी सकाळी दहाला मुलीचा फोन आला. “आई, कळा सुरू झाल्यात गं. तू कुठवर पोहोचलीस?”

“आलेच, बाळा,” असं म्हणून बाईंनी फोन ठेवला आणि त्यांचे डोळे भरून आले. अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी विचारल्याशिवाय खिडकीसुद्धा उघडली नव्हती. त्या उठल्या, फिनिशरचं दार उघडलं, नखाने पट्टी खरवडली आणि चुरगळून टोपलीत टाकली. रांगेतली अकरा माणसं माना उंचावून बघत होती. लाल दिवा गेला. हिरवा लागला.

“बाई, उपकार झाले!” अकराही जण एका सुरात म्हणाले. असं एकमत त्या कार्यालयात पूर्वी कधी झालं नव्हतं.

बाईंनी आपला रजेचा आदेश काचेवर ठेवला. तेवढ्यात रांगेतले तिसरे गृहस्थ निळी फाईल पुढे करत म्हणाले, “बाई, माझं आधी होईल का? गाडी चुकेल हो.” चार दिवस बिचारे खेटे घालत होते. बाईंना दया आली. त्यांनी आपला आदेश उचलला आणि निळी फाईल घेतली. मग एकाचं केलं तर दुसऱ्याने काय घोडं मारलंय? अकरा जणांच्या प्रती झाल्या. खट्, खट्, खट्. बाईंनी आपला आदेश पुन्हा काचेवर ठेवला आणि दारात साहेब उभे राहिले.

चौकशी जागच्या जागी झाली. यंत्र चालू झालं, म्हणजे कागद निघाला. निघालेला कागद हजर नाही, म्हणजे तो बाईंनी नष्ट केला. पट्टीचं म्हणाल तर भांडारपालाने पट्ट्या मोजून दाखवल्या. नऊच्या नऊ. नववी झाकणावर होती आणि तिचा डिंक अजून ओला होता, पण डिंकाची नोंद ठेवण्याची पद्धत नाही. टोपली त्याने आधीच रिकामी करून आणली होती. माणूस कामाला चोख.

“मी अन्यायी नाही,” साहेब म्हणाले. “त्या अकरांपैकी एकाने जरी लिहून दिलं, की निघाली ती पट्टी होती, कागद नव्हता, तर प्रकरण त्याच क्षणी बंद. बाई, तुम्ही लगेच गाडीत बसा.”

पत्रं गेली. एकाने कळवलं, त्या वेळी मी खिडकीबाहेर पाहत होतो. एकाचा चष्मा घरी राहिला होता. एकाने प्रामाणिकपणे लिहिलं, बाई फार चांगल्या आहेत, पण मला याच साहेबांकडे पुन्हा काम पडणार आहे. अशी दहा उत्तरं आली. त्यांतल्या आठांना व्यवस्थित पिन मारलेली होती.

मुलगी झाली. बाईंनी नातीचं रडणं फोनवर ऐकलं, आवक-जावक खिडकीत बसून. “आवक झाली, बाई,” त्या डोळे पुसत स्वतःशीच म्हणाल्या, “आता आजीची जावक तेवढी राहिली.” बारसं बाराव्या दिवशी आहे. अजून दोन दिवस हातात आहेत.

अकरावं उत्तर आलेलं नाही. निळ्या फाईलवाल्यांनी रांगेच्या टोकन वहीत पत्ता लिहिला नव्हता, घाईत होते. बाई सांगतात, माणूस सज्जन वाटला. वाचायची आवड असावी, रांगेतही काहीतरी वाचत होता. बघा, तुमची ती निळी फाईल जवळपास असेलच. प्रत काढून बघा. पिन अगदी कोपऱ्यात, नीट बसली आहे ना?

मग झालं तर. तुमची गाडी तर मिळाली होती.